नाकात काडी, गुळणी की लाळ? घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या सेवेचा आमचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीच्या बाजारातल्या एका कलेक्शन सेंटरची फ्लू-कोविडच्या टेस्टसाठी घरी येऊन सॅम्पल न्यायची सेवा आम्ही घेतली, चांगली आहे, पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली येईलच. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची जाहिरात करायची नाहीये, मला सॅम्पल घ्यायच्या पद्धतींबद्दल लिहायचंय. आपल्याकडे गुहागर, दापोली, राजापूर कुठेही जा, टेस्टचं मशीन गावात नसतं, गावात फक्त काडी आणि ट्यूब घेऊन माणूस येतो, आणि तो जे काही दहा मिनिटांत करतो त्यावर पुढचा सगळा रिपोर्ट उभा असतो.

झालं असं की गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, घर नुसतं भरलेलं, आरत्या, भजनं, माजघरात ओळीने अंथरुणं. गौरी-गणपती गेले, मंडळी परतीच्या गाडीला लागली आणि आमच्याकडे खोकल्याची लाइन लागली. आधी धाकट्याला ताप, मग मला, मग सासऱ्यांना. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, हृदयात स्टेंट आहे. सासूबाईंना जुना दमा. माझं आणि पोराचं सोडा, आम्ही पॅरासिटामॉल आणि पेज खाऊन बरे झालो असतो, पण ह्या दोघांचं काय आहे ते कळायला हवं असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

इथे एक सांगते, कारण लोक उठसूट हजारो रुपयांचं पॅनल, म्हणजे एकाच सॅम्पलवर अनेक विषाणू बघणारी टेस्ट, करून घेतात. स्वाइन फ्लूसाठी केंद्र सरकारच्या ज्या सूचना आहेत त्यात पेशंटचे ए, बी, सी असे गट आहेत. साधा ताप, खोकला, घसा म्हणजे ए, त्याला टेस्टची गरजच नाही. बी म्हणजे ताप जास्त, किंवा माणूस वयस्कर, गरोदर, लहान मूल, जुना आजार असलेला, तिथेही टेस्टची सक्ती नाही, डॉक्टरला वाटलं तर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करायचं. सी म्हणजे धाप लागतेय, छातीत दुखतंय, झापड येतेय, मग मात्र टेस्ट आणि थेट दवाखाना. सासरे बी मध्ये बसत होते, डॉक्टरांनी गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू केल्या, कारण हे औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं, रिपोर्टची वाट बघायची नसते. टेस्ट एवढ्यासाठी की दोन-दोन दमेकरी-हृदयरोगी माणसं एका घरात, कोविड आहे की फ्लू आहे ह्यावर पुढचं औषध आणि वेगळं ठेवणं ठरणार होतं.

तर सेंटरचा सॅम्पल घेणारा मुलगा आला. पंचविशीचा असेल, पावसात रेनकोट घालून बाइकवर. पडवीतच त्याने बॅग उघडली, हात धुवायला पाणी मागितलं, ग्लोव्हज, एन-९५ मास्क, फेसशील्ड सगळं चढवलं आणि आधी प्रश्न विचारायला बसला, मला हे फार आवडलं. सासऱ्यांना म्हणाला, "आजोबा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? नाकाचं कधी ऑपरेशन झालंय का, हाड वाकडं आहे का? नाकातून रक्त येतं का मधेच?" चालू आहे म्हटल्यावर त्याने काडी पाकिटाबाहेर काढलीच नाही, आधी सेंटरला आणि मग आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

कारण काय, तर नेहमीची जी टेस्ट असते, नाकातून खूप आत काडी जाते ती, तिला नेझोफॅरिंजियल स्वॅब म्हणतात. काडी वर कपाळाकडे जात नाही, सरळ आत जाते, कानाच्या रेषेत, नाकपुडीपासून कानाच्या भोकापर्यंत जेवढं अंतर साधारण तेवढी, म्हणजे नाकाच्या मागे जिथे घसा सुरू होतो तिथपर्यंत. तिथे काही सेकंद ठेवायची, म्हणजे ओल शोषली जाते, मग हळूच फिरवत बाहेर. कोविडच्या वेळी गावात अफवाच होती की काडी मेंदूला लागते, तसं काही नाही, मध्ये हाड आहे. पण त्या जागी बारीक रक्तवाहिन्या भरपूर, आणि ज्याचं रक्त पातळ केलेलं आहे त्याला तिथे खरचटलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. म्हणून सासऱ्यांना त्याने डॉक्टरांशी बोलून दुसरा प्रकार केला, मिड-टर्बिनेट. ह्यात काडी साधारण दोन सेंटिमीटरच आत, अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं, तिथे तीन-चार वेळा फिरवायची, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. सासऱ्यांच्या डोळ्यात पाणी आलं, एक शिंक आली, संपलं. "एवढंच?" म्हणाले. २०२० मध्ये त्यांची आतली टेस्ट झाली होती, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता.

रिपोर्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए, फ्लूचाच एक प्रकार, आला, म्हणजे कमी आत जाऊनसुद्धा सापडलाच. आता कोणी म्हणेल मग सगळ्यांचं असंच घ्या की. तसं नाही. सगळ्यात जास्त विषाणू मागच्या जागेतच मिळतो असं आजही धरलं जातं, आणि विशेषतः आजाराला बरेच दिवस झाले असतील, विषाणू कमी होत चालला असेल, तेव्हा वरवरच्या सॅम्पलमध्ये चुकण्याची शक्यता वाढते. पण ताप चढून एक-दोन दिवस झालेत, नाक वाहतंय, तेव्हा नाकाच्या पुढच्या भागात पण माल भरपूर असतो. म्हणजे कोणाचं, कितव्या दिवशी, कशासाठी, हे बघून पद्धत ठरवायला पाहिजे, आणि हे ठरवणारा माणूस समोर असला की निम्मी काळजी मिटते.

पोराचं तर त्याने पोरालाच घ्यायला लावलं! नऊ वर्षांचा आहे. पुढच्या नाकपुडीतला स्वॅब, काडीचा कापसासारखा भाग आत जाईल एवढाच, आणि नाकाच्या भिंतीला टेकवून गोल गोल, किमान चार फेरे, दोन्ही नाकपुड्या. सेंटरचा मुलगा समोर बसून मोजत होता आणि आमचा धाकटा आरशात बघून काडी फिरवत होता. रडणं नाही, धरून ठेवणं नाही. काडी भिंतीला टेकलीच पाहिजे ह्यावर मात्र त्याचा कटाक्ष होता, "नुसती हवेत फिरवलीस तर मला काय मिळणार?" असं म्हणून एकदा परत करायला लावलं.

काडीबद्दल पण थोडं. ती कानात घालायची कापसाची काडी नसते हां. टोकाला नायलॉनचे बारीक तंतू ब्रशसारखे उभे असतात, ते ओल धरतात आणि ट्यूबमधल्या द्रवात सोडून पण देतात, कापूस धरून ठेवतो. लाकडी दांड्याची आणि कॅल्शियम अल्जिनेटची काडी तर पीसीआरला, म्हणजे लॅबमध्ये विषाणूचा जनुकीय अंश शोधायच्या टेस्टला, चालतच नाही, त्यातले पदार्थ टेस्टमध्येच अडथळा आणतात. कोणी लाकडी काडी काढली तर सरळ नाही म्हणा.

आता सासूबाई. त्यांचं पहिल्यापासून एकच, "माझ्या नाकात काय घालायचं नाय हां बाय, मी गुळणी करून देते." त्यांना आठवत होतं की कोविडमध्ये गुळणीची टेस्ट निघाली होती. आणि खरंच निघाली होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे हे मला अभिमानाने सांगायचंय. नागपूरच्या नीरी संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या टीमने ती बसवली, २०२१ च्या मे महिन्यात तिला आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली. ट्यूबमध्ये मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन, ते तोंडात घ्यायचं, १५ सेकंद गुळण्या करायच्या, घशापर्यंत, खळखळून, मग त्याच ट्यूबमध्ये सोडायचं. काडी नाही, पेशंटजवळ तोंड नेऊन उभं राहणारा माणूस नाही. लॅबमध्ये तो नमुना एका खास बफरबरोबर अर्धा तास ठेवतात, मग ९८ अंशाला सहा मिनिटं तापवतात की आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश, मोकळा होतो, तो वेगळा काढायचं महागडं एक्स्ट्रॅक्शन किट लागतच नाही. तीन तासांत रिपोर्ट येऊ शकतो. ज्या गावात लॅब नाही, शिकलेला माणूस नाही, तिथल्या लोकांचा विचार करून केलेलं काम आहे हे. २०२० साली जगभर काड्यांचा तुटवडा झाला होता, तिथूनच खरं तर गुळणी, लाळ ह्या सगळ्या वाटा उघडल्या. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या सलाइव्हाडायरेक्ट टेस्टला ऑगस्ट २०२० मध्ये तातडीची परवानगी मिळाली, तीही नुसत्या लाळेवर, साध्या निर्जंतुक डबीत थुंकून.

पण त्या मुलाने सासूबाईंना जे उत्तर दिलं त्यासाठी मी त्याला मनापासून मानते. दुसरा कोणी असता तर "हो आजी, करा गुळणी" म्हणून ट्यूब भरून नेली असती, पैसे तेवढेच. हा म्हणाला, "आजी, फक्त कोविड बघायचा असता तर गुळणीचं विचारलं असतं मी लॅबला. पण तुमचं पॅनल आहे, त्यात फ्लू आहे, आरएसव्ही म्हणून छातीत उतरणारा विषाणू आहे, त्या किटवर कंपनीने नाकाचाच नमुना लिहिलाय. गुळणी दिलीत आणि निगेटिव्ह आलं तर ते निगेटिव्ह खरं की खोटं मी सांगू शकणार नाही." एवढं स्पष्ट. प्रत्येक किटबरोबर कागद येतो, त्यात कुठल्या सॅम्पलवर ती टेस्ट तपासून बघितली आहे ते छापलेलं असतं. एकाच वेळी अनेक विषाणू बघणारी बहुतेक पॅनल्स नाकाच्या मागच्या स्वॅबवर तपासलेली असतात. लाळेवर कोविडचं बरंच काम झालंय, फ्लू आणि आरएसव्हीचं त्यामानाने कमी. हा प्रश्न आपण विचारायचाच, "ह्या टेस्टच्या किटला हे सॅम्पल चालतं का?" आणि उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे फोन करायचा.

शिवाय सासूबाईंचा वेगळाच मुद्दा होता. मिश्री. सकाळपासून दोनदा लावून झाली होती. लाळ किंवा गुळणी द्यायची तर आधी निदान अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू, पान, मिश्री काही नाही. आपल्याकडे किती घरांत म्हाताऱ्या बायका दिवसभर मिश्री धरून असतात, पुरुषांचं तंबाखूचं तर बोलायलाच नको, दुपारी गेलात तर सोलकढी पिऊन माणूस बसलेला असतो. लाळेची टेस्ट सोपी खरी, पण कोकणातल्या घरात ती नीट व्हायची तर आदल्या दिवशीच फोन करून हे सांगायला हवं. सेंटर हे सांगत नाही, मी त्यांना सुचवलंय.

शेवटी सासूबाईंनी नातवाचं बघून स्वतःच काडी हातात घेतली, पुढच्या नाकपुडीचा स्वॅब स्वतः घेतला. पॅनलला तो चालेल का हे सेंटरच्या मुलाने आधी लॅबकडून फोनवर पक्कं करून घेतलं होतं, त्या लॅबच्या किटला चालत होता. त्यांचं काहीच निघालं नाही, नुसता दमा उसळला होता. त्यांना खूप बेडके पडत असते, निमोनियाची शंका असती तर डॉक्टर म्हणाले की मग खोकून काढलेला बेडका पाठवायला सांगितला असता, कारण आजार छातीत उतरला की कधीकधी नाकात काही मिळत नाही आणि खाली फुप्फुसात सगळं असतं. हे पण लक्षात ठेवा, नाकाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि माणूस धापा टाकतोय तर निगेटिव्हवर विसंबून घरी बसायचं नाही.

अगदी तान्ह्या बाळांचं वेगळं असतं. माझ्या नणंदेचं बाळ पाच महिन्यांचं असताना रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलेलं, छातीत घरघर, दूध ओढेना. तिथे नर्सने थोडं सलाइन नाकात सोडून बारीक नळीने शेंबूड ओढून डबीत घेतला, ॲस्पिरेट म्हणतात. आरएसव्ही शोधायला लहान बाळांत ही पद्धत फार पूर्वीपासून चांगली मानली जाते, वर बाळाचं नाक पण मोकळं होतं. पण हे घरी करायचं काम नाही, घरी येणाऱ्या माणसाकडे सक्शन नसतं, आणि त्याने घरी करतो म्हटलं तरी करू देऊ नका.

मेडिकलमधून आणायच्या घरच्या किटबद्दल पण विचारतात लोक. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ २०२१ च्या मे महिन्यात आलं, भारतातलं पहिलं घरी करायचं किट, तेव्हा किंमत २५० रुपये. आम्ही त्या काळात वापरलंय. काडी दोन ते चार सेंटिमीटर नाकात, प्रत्येक नाकपुडीत पाच फेरे, ट्यूबमध्ये दहा वेळा घुसळायची, कार्डवर दोन थेंब, १५ मिनिटांनी बघायचं, २० मिनिटांनंतर जी रेघ दिसेल ती धरायची नाही. स्वस्त, सोपं, कोणाची वाट बघायची नाही. पॉझिटिव्ह आलं तर पॉझिटिव्हच. पण ही अँटिजेन टेस्ट, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारी, पीसीआरइतकी बारीक नाही, त्यामुळे लक्षणं आहेत आणि निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करा असं आयसीएमआरनेच तेव्हा सांगितलेलं. आणि कोविडचं किट फ्लू सांगत नाही, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, निगेटिव्ह आलं म्हणजे काहीच नाही असं समजून माणूस लग्नाला जाऊन येतो.

बाहेरच्या देशांत अजून पुढचं चाललंय. इंग्लंडात लेस्टरला मास्कच्या आत पट्टी लावून त्यावर श्वासातले जंतू पकडायचं काम टीबीसाठी झालं, मग कोविडसाठी पण. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये नुसती फुंकर मारायच्या टेस्टला परवानगी मिळाली, तीन मिनिटांच्या आत निकाल, पण मशीन प्रवासी बॅगेएवढं. आपल्या आरोग्य केंद्रात हे कधी येईल तेव्हा येईल.

आता कापलेला स्टार. सॅम्पल घेणं उत्तम, नेणं कच्चं. स्वॅब ज्या गुलाबी द्रवात टाकतात त्याला व्हीटीएम म्हणतात, तो विषाणूला जपतो, पण थंड ठेवायला लागतो, दोन ते आठ अंश, तोही ७२ तासांपर्यंतच, त्यापुढे उणे ७० चं फ्रीझर लागतं. आपण सुरमई जशी बर्फाशिवाय रत्नागिरीहून मुंबईला पाठवत नाही तसंच हे, आरएनए गरमीत तुटतो आणि मग असलेला विषाणू पण नाही म्हणून येतो. मुलाकडे थर्माकोलचा डबा होता, आइसपॅक होते, ट्यूब दुहेरी पिशवीत, वर नाव, वय, तारीख, घेतल्याची वेळ, हे सगळं त्याने माझ्यासमोर लिहिलं आणि मला वाचून खात्री करायला लावली. इथवर दहापैकी दहा. पण पुढे सेंटरवरून गाडी संध्याकाळी एकदाच चिपळूणला जाते, तिथून रात्री मुंबई. त्या दिवशी पावसाने झाड पडलं, गाडी चुकली, सॅम्पल रात्रभर सेंटरच्या फ्रीजमध्ये राहिलं आणि शृंगारतळीत लाइट कधी जाते आणि कधी येते हे काय सांगायला नको. मी फोन करून विचारलं की रात्री लाइट गेली होती का, फ्रीजचं तापमान कोणी बघितलं का, तर काउंटरवरच्या बाईंना उत्तर देता आलं नाही. "रिपोर्ट येईल मॅडम" एवढंच. रिपोर्ट सांगितल्यापेक्षा पूर्ण दिवस उशिरा आला. नशीब की सासऱ्यांची गोळी आधीच चालू होती. एक साधा थर्मामीटर आणि वही, त्यात दर काही तासांनी आकडा लिहायचा, एवढं केलं तरी पाचवा स्टार मी आनंदाने देईन.

तरीही चार का, तर ह्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणची सेवा घेतली होती, त्यांचा माणूस आला, ग्लोव्हज तेच जे आधीच्या घरी घातलेले, काडी नाकाच्या दारात टेकवून लगेच बाहेर, ट्यूबवर नाव लिहिलं नाही, "गाडीवर लिहितो" म्हणाला, आणि ट्यूब सरळ बाइकच्या डिकीत, एप्रिलच्या उन्हात. माझ्या मिस्टरांचा तो रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्यावर आम्ही आजतागायत विश्वास ठेवलेला नाही.

पैसे म्हणाल तर घरी यायचा चार्ज वेगळा आहे, एका घरात एकापेक्षा जास्त जणांचं असेल तर तो एकदाच घेतात. पॅनल काही हजारांत जातं, फक्त फ्लू किंवा फक्त कोविड बघायचा तर बरंच कमी, डॉक्टरांना आधी विचारा नक्की काय हवंय. यूपीआय चालतं पण आमच्या वाडीत रेंज नाही, रोख ठेवा. फोन सकाळी लवकर करा, दुपारच्या आत सॅम्पल दिलं तरच ते त्या दिवशीच्या गाडीला लागतं, आणि शनिवारी दुपारनंतर अजिबात देऊ नका, रविवारी गाडी नसते.